सम्राज्ञीचं डावं अंग

"ही गाय ती न्हवं," आण्णा म्हणाले आणि त्यांनी हातातला कागद उलटा करून पाहिला. उलट्या कागदावरची गाय चारी पाय वर करून पडलेली दिसली, म्हणून त्यांनी तो पुन्हा सुलटा केला. तरी जमेना.

सकाळचे नऊ वाजले होते. समोर सम्राज्ञी उभी होती, आमच्या गोठ्यातली सगळ्यात भारी गाय, आणि तिला त्या कागदाचं काही पडलेलं नव्हतं. ती रवंथ करत होती. आण्णांच्या मागे मी, त्यांची लेक, माझ्या मागे तात्या, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, आणि पलीकडे आई खराट्याने शेण ओढत होती. दुपारी चारला पैदासकार संघाचे डॉक्टर शिरगावकर तपासणीला येणार होते.

"वैजे, हे चित्र तू काढलंस?" आण्णांनी विचारलं.

"मीच काढलं."

"मग काढताना गाय बघत हुतीस का म्हस?"

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आता गाय कुणाची लेक हे ठरवायचं तर शेपटीचे चार केस उपटून प्रयोगशाळेत पाठवतात आणि मोकळे होतात. तेव्हा एवढी सोय नव्हती. फलटणच्या पुढे आमच्या वस्तीवर नोंदणीचा कळप होता, अस्सल होल्स्टीन, काळ्या-पांढऱ्या एकतीस गाई. वासरू जन्मलं की सात दिवसांत संघाकडे एक कागद पाठवायचा. कागदावर वरच्या बाजूला आई, बाप, आजी, पणजी यांची नावं, आणि खाली गाईच्या दोन छापील रिकाम्या आकृत्या, एक डाव्या अंगाची, एक उजव्या. वासराच्या अंगावर जिथे काळे डाग असतील तिथे त्या आकृतीत काळी शाई भरायची. होल्स्टीनचे डाग एकीसारखे दुसरीचे नसतात आणि ती मरेपर्यंत जागा बदलत नाहीत. एक प्रत संघाकडे जाई, एक आमच्या फायलीत राही, आणि मग पोस्टाने कानातला बिल्ला येई.

डाग भरायचं काम आधी तात्यांकडे होतं. तात्यांनी काढलेली सगळी वासरं सारखीच दिसत, एक मोठा डाग आणि चार लहान. शेवटी संघाने लेखी विचारलं की श्री. रणवरे यांच्या गोठ्यात दरवर्षी तेच वासरू जन्माला येते काय. त्याच वर्षी मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली आणि दौत-टाक माझ्याकडे आला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. माझ्या भाकऱ्या फुगत नसत, गणित तर विचारूच नका. पण वासराचे डाग मी केसाएवढेही चुकू देत नसे. एखादं वासरू दोन तास उभं राहिलं नाही तर मी दोन तास त्याच्यामागे फिरे. घरात मला किंमत होती ती तेवढ्यावर, आणि मला ते माहीत होतं.

आणि आता कागदावरच्या गाईच्या कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा होता, तर सम्राज्ञीचं कपाळ नाकापर्यंत पांढरंफटक. कागदावर डाव्या खांद्यावर मोठा डाग होता आणि पोटाखाली ओळीने तीन लहान. सम्राज्ञीचं डावं अंग म्हणाल तर नुकतं धुतलेलं धोतर. उजव्या मांडीवर उलट तिचा एक परातीएवढा काळा डाग होता, तो कागदावर औषधालाही नव्हता.

तुम्ही विचाराल, पाच वर्षं हे कुणी पाहिलं नाही? आण्णा तो कागद रोज वाचत, पण वरचा अर्धा. पाहुणा आला की त्याला गोठ्यात नेऊन उभा करत आणि सुरू करत, "ही सम्राज्ञी. हिची आई महाराणी. तिची आई राजलक्ष्मी, तिची आई कनकलता. रक्त बोलतं, पाव्हणं." पाहुण्याचा चहा गार होऊन जाई. स्वतःच्या पणजोबांचं नाव आण्णांना आठवत नसे, पण कनकलतेने तिसऱ्या वेताला किती दूध दिलं हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत.

माझं म्हणाल तर मला एकदा शंका आली होती. वासरू महिन्याचं असेल तेव्हा मी आईला म्हटलं होतं, "आई, हिचा टिळा एवढा मोठा होता?" आई म्हणाली, "वाढत्या वासराचा टिळा वाढतोच." मी सोळा वर्षांची होते आणि गाईंच्या बाबतीत आई म्हणेल ते मला वेदवाक्य होतं. विषय तिथंच संपला.

"आण्णा, नाही जुळलं तर काय होईल?" मी विचारलं.

"काय हुईल?" आण्णा दावणीच्या कठड्यावर बसले. "सम्राज्ञीला आज वळूमाता म्हणून निवडायला येतायत. तिचा खोंड केंद्रावर जायचा, त्याच्या बीजाच्या कांड्या राज्यभर गाईंना भरायच्या. आन् गाय कागदासंगं जुळली न्हाय तर एक गाय खोटी म्हणून सगळा कळप खोटा. एकतिसाच्या एकतीस नोंदी रद्द. वीस वर्षं गेली माजी ह्यात."

मला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच. इंटरमिजिएटच्या परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशी मी ते चित्र काढलं होतं. डोक्यात स्मरणचित्र आणि संकल्पचित्र घोळत असेल, हात भलतीकडे गेला असेल. दुसरं काय असणार?

तेव्हा तात्या खाकरले.

तात्यांबद्दल एक सांगायला हवं. त्यांची पन्नाशी जवळ आली होती, लग्न व्हायचं होतं, आणि ते होणार याबद्दल जगात फक्त त्यांचीच खात्री होती. त्यासाठी दर दुसऱ्या रविवारी ते केसांना आणि मिश्यांना कलप लावत. त्या दिवशी वस्तीवरची कुत्रीसुद्धा आमच्या दारावरून जात नसत.

"काळं कमी पडतंय न्हवं?" तात्या म्हणाले. "मग काळं हाय की माज्याकडं. सहा पाकिटं हायती."

आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. एरवी ते तात्यांना वेड्यात काढत, पण त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "पक्कं बसंल?"

"माजं बसतंय की."

"आन् मांडीवरचा काळा? तो कसा घालवायचा?"

"त्या अंगानं भितीला लावून हुबी करायची. साहेबाला म्हणायचं, भिडस्त हाय."

आईने खराटा भिंतीला टेकवला. "आदी एक ठरवा," ती म्हणाली. "पोरीचं चित्र चुकलं असंल तर गाईला कशाला रंगवताय? आन् पोरीचं चित्र बरुबर असंल तर पोरीला कशाला बोलताय?"

"तुला काय कळतंय ह्यातलं?" आण्णा म्हणाले. "तू तुज्या ढवळीचं बघ जा."

ढवळी म्हणजे आईची गाय. नऊ वर्षांपूर्वी मामाने भाऊबिजेला दिलेली कालवड. मामाचं गाव माणदेशात, दुष्काळी पट्ट्यात. ढवळीच्या अंगावरही काळं-पांढरं होतं, तिच्या मागे कुठेतरी होल्स्टीन असणारच, पण कागद नव्हता. आण्णांनी तिला मोठ्या गोठ्यात कधी घेतलं नाही. "दुष्काळी रक्त," ते म्हणत. तिच्यासाठी पलीकडे चार पत्र्यांचं छप्पर होतं. ढवळीला वासरू झालं की आण्णा दहा दिवस थांबत आणि पुढच्या मंगळवारी ते बाजारात नेऊन विकत. बिनकागदाचं रक्त त्यांना दावणीला नको होतं. आई दावं धरून फाटकापर्यंत जाई, फाटकात दावं आण्णांच्या हातात देई आणि परत येई. त्या दिवशी ती स्वयंपाकात मीठ घालायची विसरे, आणि कुणी काही बोलत नसे.

आई छपराकडे गेली. आम्ही कामाला लागलो.

मी खडूने सम्राज्ञीच्या अंगावर रेषा आखल्या. स्वतःचं जुनं चित्र गाईवर नक्कल करायची वेळ किती चित्रकारांवर आली असेल कोण जाणे. तात्यांनी पितळी वाटीत कलप कालवला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने भरायला घेतला. त्या वासाने सम्राज्ञी तीनदा शिंकली आणि तिसऱ्या शिंकेला आण्णांच्या टोपीचं भजं झालं. खांद्याचा डाग छान उतरला. पोटाखालचे तीन काढताना तात्यांना उताणं झोपावं लागलं. कपाळ उरलं.

"टिळा गोल ठेव," आण्णा म्हणाले.

"कुकू लावतोय का मी?" तात्या म्हणाले. "हालतीया ती."

पलीकडच्या छपरातून ढवळी हंबरली. सम्राज्ञीने झटक्यात मान वळवली आणि ब्रश तिच्या डोळ्याजवळून कानापर्यंत गेला. ढवळी हंबरली की सम्राज्ञी नेहमीच मान वळवी. गाईंना एकेक खोड असते, ही तिची, असं आम्ही धरून चाललो होतो. तात्यांनी ओल्या फडक्याने कान पुसला. छपराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, डोळ्याजवळचं काम आहे म्हणून असेल.

बारापर्यंत सगळं वाळलं. लांबून पाहिलं तर कागदावरची गाय. जवळून पाहिलं तर तात्यांची सख्खी बहीण.

डॉक्टर शिरगावकर बरोबर चारला जीपमधून उतरले. साठीला आलेला, शिडशिडीत, शिस्तीचा माणूस. केस काळेभोर, आणि भांगापाशी दोन बोटं पांढरी मुळं. ते हसले नाहीत, चहा नको म्हणाले आणि सरळ गोठ्यात शिरले. दोन पावलांवर थांबून त्यांनी नाक वर केलं. मग सम्राज्ञीजवळ गेले, खाली वाकले आणि तिच्या खांद्याचा वास घेतला.

"रणवरे," ते म्हणाले, "जेट ब्लॅक की नॅचरल ब्लॅक?"

आण्णा टोपी सारखी करू लागले. उत्तर तात्यांनी दिलं, कारण या विषयात त्यांना कुणी काही विचारलं की राहवत नसे. "नॅचरल, साहेब."

"नॅचरल दहा मिनिटं जास्त ठेवायचा. नाहीतर लाल मारतो." डॉक्टरांनी स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं. "हे बघा. मला माहीत आहे."

मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बॅगेतून संघाची प्रत काढली, सम्राज्ञीला भिंतीपासून बाजूला घ्यायला लावली आणि उजवी मांडी पाहिली. त्यांनी कागद आणि गाय दोनदा ताडून पाहिली.

"वीस वर्षं मी हा कळप बघतोय, रणवरे. तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं."

"चूक झाली, साहेब," आण्णा म्हणाले. हात जोडलेले आण्णा मी तोपर्यंत फक्त देवळात पाहिले होते. "चित्र चुकलं हुतं. गाय खरी हाय. महाराणीचीच हाय. भ्यालो म्हणून रंगवली."

"चित्र कोणी काढलं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "तुम्हीच होय. तुमची चित्रं मी ओळखतो. माझ्या कार्यालयात नव्या लोकांना दाखवतो, असं काढा म्हणून." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "हे कसं चुकलं?"

इतक्या वर्षांत माझ्या चित्रांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते या दिवशी.

डॉक्टरांनी एक कोरा कागद कठड्यावर ठेवला. "नियमाने दोनच गोष्टी असू शकतात. गाय खोटी, किंवा चित्र खोटं. गाय खोटी असेल तर मला आत्ता सगळा कळप रद्द करावा लागेल. चित्र खोटं असेल तर काढणाऱ्याने लिहून द्यायचं की मी नोंदीच्या वेळी निष्काळजीपणे चुकीचं चित्र काढलं. गाय कागदावर राहील. वळूमातेचं पुढच्या वर्षी बघू. फक्त त्यानंतर या बाईंनी संघाच्या कागदाला हात लावायचा नाही. कधीच."

आण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "कर सई, वैजू," ते म्हणाले. एरवी मी वैजी होते. "मानूस चुकतं."

तात्या गोठ्याबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघत होते, आणि असे बघत होते की जणू त्याला आजच पेरू लागले.

मी पेन घेतलं. खरं सांगते, मला रडू येत होतं. एकतीस गाईंपुढे माझा दौत-टाक ही काय मोठी गोष्ट होती? पण मला तेवढंच येत होतं. मी कागदावर 'मी, वैजयंता हणमंत रणवरे' एवढं लिहिलं.

"सई करू नगं," मागून आई म्हणाली.

ती चहाचे कप घेऊन आली होती. डॉक्टरांनी चहा नको म्हटलेलं तिला माहीत होतं, तरी आली होती. तिने ताट कठड्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि आण्णांकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "पोरीनं बरुबर काढलंय, साहेब. तिनं काढलं ते वासरू महाराणीचं. ते चौथ्या दिवशी मेलं. त्या पेरूखाली पुरलंय."

"मग ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही माज्या ढवळीची."

आण्णा हसले. खोटं ऐकल्यावर माणूस हसतो तसं. मग त्यांनी तात्यांकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

"तुला ठावं हुतं?"

"खड्डा मीच काढला, आण्णा," तात्या म्हणाले.

"आन् सकाळधरनं कलप लावत हुतास?"

"मग काय करू? वैनीनं शपथ घातली हुती. आन् रंग लावू नगं अशी शपथ काय घातली न्हवती."

पाच वर्षांपूर्वी महाराणीला आणि ढवळीला एकाच दिवशी एकाच वळूची कांडी भरली होती. महाराणी व्याली तेव्हा आण्णा संघाच्या सहलीबरोबर पंजाबात गाई बघत होते. मी दुसऱ्या दिवशी चित्र काढलं, तात्यांनी ते पोस्टात टाकलं आणि मी परीक्षेसाठी मावशीकडे गेले. तिसऱ्या दिवशी ढवळीलाही कालवड झाली. चौथ्या दिवशी महाराणीचं वासरू हगवणीने गेलं. आईने ते पुरायला लावलं आणि ढवळीची कालवड छपरातून काढून मोठ्या गोठ्यात बांधली. पोस्टाने बिल्ला आला तो तिच्या कानात बसला. मेलं ते ढवळीचं, असं आण्णांना सांगितलं.

"तूच सांगितलंस मला," आण्णा आईला म्हणाले. "ढवळीचं मेलं म्हणून."

"सांगितलं. तवा तुमी काय म्हनाला ते आटवतंय का?"

आण्णा दावणीतली वैरण सारू लागले.

"बरं झालं म्हनाला. बाजारची खेप वाचली."

मी आण्णांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

"दोन वासरं नेली तुमी तिची त्याच्या आदी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ती जणू भाजीचा भाव सांगत होती. "आन् त्याच्या मागनं बी दोन नेली. दर खेपेला ती चार दिस वरडायची. माज्या भावानं दिलेली गाय, अवो. तिचं येक तरी हितं ऱ्हावं वाटलं मला. दुपारी तुमी पडला की मी हिला तिच्याकडं नेत हुते. चाटायची आन् परत पाटवायची."

सम्राज्ञी मान का वळवते हे मला तेव्हा कळलं.

"पाच वर्षं," आण्णा म्हणाले, "पाच वर्षं मी ह्या गाईचं रक्त सांगत फिरलो."

"सांगत हुता की. माज्या म्हायेरचं."

डॉक्टर शिरगावकरांनी चहाचा कप उचलला. नको म्हटलेला चहा त्यांनी उभ्याउभ्या संपवला. "दूध किती देते ही?" त्यांनी मला विचारलं.

"अठ्ठावीस लिटर. दुसऱ्या वेताला."

"आणि महाराणी?"

"बावीस," मी म्हणाले. आण्णांनी नजर खाली घातली.

माझा अर्धवट लिहिलेला कागद डॉक्टरांनी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. म्हणाले, घरातल्याच माणसाने तपासणीच्या वेळी आपणहून सांगितलं अशी नोंद मी करीन. कळप राहील, ताकीद मिळेल. महाराणीच्या वंशातून मात्र ही गाय आजच कमी होईल, आणि वळूमाता वगैरे विसरा. मग त्यांनी एक नवा कागद काढला. बिनकागदाच्या गाईची लेक दुधाला उतरली तर तिच्या आईपासून नवी ओळ सुरू करायची सोय संघात होती. आमच्या घरी ती आजवर कुणाला लागली नव्हती.

"आईचं नाव?"

"ढवळी," आई म्हणाली.

"आजी?"

"म्हाईत न्हाय."

"पणजी?"

"साहेब, आजीच म्हाईत न्हाय."

डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या. "पैदासकाराचं नाव?"

हा रकाना आमच्या घरातल्या प्रत्येक कागदावर आण्णांच्या नावाने भरला जाई. आई दावणीकडे बघत होती.

"मालन हणमंत रणवरे," ती म्हणाली. "ते हणमंत लिवलं न्हाय तरी चालंल."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. त्यांनी हणमंत लिहिलं. निघताना आकृत्यांची जागा कोरीच ठेवून कागद माझ्या हातात दिला. "रंग उतरल्यावर काढा. तीन महिने तरी लागतील. नॅचरल असला तरी."

पुढचे कितीतरी दिवस आण्णा घरात फक्त गाईंशी बोलले. सम्राज्ञीपाशी मात्र थांबत नसत. पाहुणे आले तर त्यांना चहा गरम मिळू लागला. एका पाहुण्याने आपणहून विचारलं, "काय हणमंतराव, ते रक्त बोलतं का न्हाय आता?" तर आतून आई म्हणाली, "बोलतंय की. ऐकायला लई वर्सं लागली." आण्णा उठून विहिरीकडे गेले. मला वाटलं, हे आता असंच राहणार.

दिवाळीनंतर ढवळी व्याली. कालवड झाली. आई दिवस मोजत होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दहावा दिवस सोमवारी आला.

मंगळवारी सकाळी आई छपरात वासराजवळ बसली होती. वासराचं दावं तिने स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं, तीन वेढे. मी दारात उभी होते. आण्णा घरातून बाहेर आले, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर बाजाराची टोपी. ते अंगण ओलांडून छपराकडे येऊ लागले. नऊ वर्षांत ते त्या छपरात आले होते ते फक्त मंगळवारी.

आई उठली नाही. "अवो," एवढंच म्हणाली.

आण्णा छपराच्या कडेला थांबले. त्यांनी काखेतलं वर्तमानपत्र उलगडलं. आत संघाचा कोरा कागद होता आणि माझी शाईची दौत. दौतीचं बूच नीट न बसल्याने त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर काळा डाग पडला होता. कागदाचा वरचा भाग त्यांनी भरून आणला होता. आईच्या रकान्यात 'ढवळी', आणि पुढे कुणी विचारलं नसताना 'माणदेश'. पैदासकाराच्या रकान्यात आईचं नाव. अक्षर गिचमीड होतं, पण सगळं लागत होतं.

त्यांनी कागद मला दिला. "काढ," ते म्हणाले. "जसं हाय तसं काढ."

"मी तसंच काढते, आण्णा."

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि तिथेच, शेणाच्या पालथ्या पाटीवर बसले.

आईने मनगटावरचे वेढे एकेक करून सोडले. मग तिने वासराला उभं केलं आणि त्याचं डावं अंग माझ्याकडे वळवलं.